झोप, संध्याकाळचा चहा आणि कोपऱ्यावरचा इराणी

पाणी_कम

मंडळी, वय पन्नाशीच्या पलीकडे गेलंय आणि झोपेचं खोबरं झालंय. म्हणजे झोप लागते, पण रात्री दोन-अडीचला टक्क जाग येते आणि मग पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. भेटेल तो एकच सल्ला देतो, संध्याकाळचा चहा सोड. सोडला. चार महिने होत आले, काडीचाही फरक नाही.

यावर माझं एक म्हणणं आहे, ते इथे मांडतो. दादर पूर्वेला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक इराणी, म्हणजे इराणी हॉटेल, होता. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेलच. ऑफिसातून सुटलो की घरी जायच्या आधी तिथे टेकायचो. दोन पानी कम (कमी पाण्याचा कडक चहा), एक ब्रून मस्का (कडक पाव-लोणी), समोर नेहमीची तीन-चार टाळकी. गप्पा म्हणाल तर क्रिकेट, कोणाची बदली, कोणाच्या मुलीचं लग्न, महापालिका. तासाभराने उठायचो, घरी जेवायचो आणि साडेदहाला ढाराढूर. वीसेक वर्षं हे चाललं. साडेसातला दोन कप कडक चहा पिऊनही कधी झोपेची तक्रार नव्हती.

दोनेक वर्षांपूर्वी इराणी बंद झाला. आता तिथे औषधांचं दुकान आहे. माझी झोप बिघडली ती साधारण तेव्हापासूनच. त्यामुळे मला वाटतं की दोष चहाचा नाहीच. दिवसभराचं सगळं मी तिथे उतरवून मग घरी जात होतो, आता ते घरी घेऊन येतो आणि रात्री अडीचला उघडून बसतो.

तुम्हाला कोणाला असा अनुभव आहे का? एखादी जागा बंद झाली, बदलली आणि झोपेवर परिणाम झाला?

खारी_बुडवा

पहिला! आणि उत्तर सोपं आहे. वय झालं तुमचं.

सुमेधा_प

खारी, +१ :)
पण पाणी_कम, 'ऑफिसातून सुटलो की घरी जायच्या आधी' हे वाक्य घरी कोणाला वाचायला देऊ नका. त्या तासात घरात मुलांचा अभ्यास कोण घेत होतं आणि कुकर कोण लावत होतं, तेही धाग्यात येऊ द्या.

पाणी_कम

सुमेधाताई, घरी वाचून झालंय. "बरोबर लिहिलंय त्यांनी" एवढाच शेरा आला.

कुमुदिनी

व्यवसायाने डॉक्टर आहे, पण झोपेची तज्ज्ञ नाही. तेवढं धरून वाचा.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं जास्त, तितकी झोपेची ओढ जास्त. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. ओढ असते, पण मेंदूला कळत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाचेक तास लागतात. हा आकडा माणसागणिक खूप बदलतो. सिगारेट ओढणाऱ्यांचं लवकर निघून जातं, गरोदरपणात फारच रेंगाळतं. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली. अर्थात ४०० म्हणजे भरपूर झालं. आपल्या चहाच्या कपात साधारण ३० ते ५० असतं.

आता तुमचा मुद्दा. तिशीत गाढ झोपेचा वाटा भरपूर असतो, त्यामुळे दोन कप पचून जातात. वयाबरोबर गाढ झोप कमी होते आणि तोच चहा नडायला लागतो. म्हणजे चहा तेव्हाही निर्दोष नव्हता, तुमच्या तब्येतीने सांभाळून घेतलं होतं.

आणि दोन कामाच्या गोष्टी. एक, जाग आल्यावर पंख्याकडे बघत पडू नका, घड्याळ तर अजिबात बघू नका. उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे मिटायला लागले की परत या. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठा. औषधांच्या आधी हेच करायचं असतं. दोन, तुम्ही घोरता का?

पाणी_कम

कुमुदिनीताई, बायको म्हणते घोरतोस. पण ती हे मी जागा असतानाही म्हणते.

कुमुदिनी

मग त्यांच्या म्हणण्याला जास्तच किंमत द्या. घोरता घोरता श्वास अडकून थांबणं आणि मग दचकून जाग येणं, हा प्रकार पन्नाशीच्या पुरुषांत भरपूर सापडतो. एका रात्रीची तपासणी असते. करून घ्या.

शंकासुर

मी जरा वेगळं विचारतो. पूर्वी साडेसात ते साडेआठ इराण्याकडे असायचात. आता त्या तासात काय करता?

पाणी_कम

सोफ्यावर असतो.

शंकासुर

हातात काय असतं?

पाणी_कम

… मोबाइल.

शंकासुर

सापडला चोर. आता इराण्याला उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. तो होता तेव्हा संध्याकाळी हातात मोबाइल नव्हता, गुडघे दुखत नव्हते, मुलं लहान होती आणि ऑफिसात तुमच्या डोक्यावर बसायला तुमच्याहून लहान साहेब नव्हता. एवढं सगळं बदललं आणि श्रेय मात्र एकट्या ब्रून मस्क्याला?

गुडलकचा_कोपरा

पुण्यातून हजेरी. आमचं गुडलक १९३५ पासून डेक्कनला आहे आणि अख्खा चौक त्याच्या नावाने ओळखला जातो. रिक्षावाल्याला 'गुडलक' एवढं म्हटलं की पुरतं. कॉलेजात असताना तिथे सकाळी बन मस्का आणि चहा घेऊन पहिला तास बुडवायचा आणि दुपारी खोलीवर येऊन झोपायचं, असा कार्यक्रम असे. तेव्हाची झोप आता विकत घेऊ म्हटलं तरी मिळणार नाही.

खारी_बुडवा

पुणेकर आले, आता दुपारच्या झोपेवर दहा प्रतिसाद. १ ते ४ चा विनोद जो करेल त्याचा पाणउतारा होईल, आधीच सांगून ठेवतो.

गुडलकचा_कोपरा

विनोद नाही हो. पंधरा-वीस मिनिटांची दुपारची डुलकी चांगलीच असते. तीननंतर तासभर ताणून दिली की रात्रीच्या झोपेला खड्डा पडतो, एवढंच. आता मी जरा पडतो.

आजीचा_बटवा

दुधात जायफळ उगाळून घ्या, चिमूटभरच. जास्त झालं तर सकाळी डोकं जड होतं. श्रीखंड-पुरीनंतर सगळं घर आडवं होतं, त्यात जायफळाचा हात असतो असं माझी सासू म्हणायची. (पुऱ्यांचा हात ती सोयीस्कर विसरायची.) आणि काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळून बघा. आमच्याकडे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना हाच उपाय. चरकाने तर आहाराच्या जोडीला झोप हा शरीराचा खांबच मानलाय आणि झोप न येणाऱ्यांना म्हशीचं दूध सांगितलंय.

शंकासुर

म्हशीच्या दुधात साखर आणि चहापत्ती घालून चालेल का, हे विचारताहेत धागाकर्ते.

आजीचा_बटवा

त्यालाच ते पानी कम म्हणतात ना? :D

ग्रँटरोड_वासी

झोपेबद्दल मला काही म्हणायचं नाही, मला बसमध्ये उभ्यानेही लागते. इराण्यांबद्दल म्हणायचंय.

यांचा मूळ मुलूख इराणमधला, यझ्द आणि केरमानकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला तिथून लोक आले आणि त्यांनी मुंबईत ही दुकानं थाटली. त्यांत जरथुश्त्री होते तसे मुसलमानही होते. पारशी आणि इराणी एकच, असं धरून बोलणाऱ्यांना जुना इराणी मालक चष्म्यावरून बघायचा. कोपऱ्याच्या जागा यांना मिळाल्या कारण हिंदू दुकानदार त्या अशुभ मानायचे, असं सगळेच सांगतात. मला आपलं वाटतं की खरा फायदा धंद्याचा. दोन रस्त्यांवरून गिऱ्हाईक आत येतं आणि दोन्हीकडून उजेड-वारा.

आमच्याकडे स्टेशनसमोर बी. मेरवान, १९१४ चं. त्यांचा मावा केक घ्यायचा तर भल्या पहाटे उठायला लागायचं, उशीर झाला की रिकामा ट्रे बघून परत. माझे काका त्या केकसाठी पाचला उठायचे आणि म्हणून रात्री साडेनऊला झोपायचे. बघा, झोपेचा संबंध आलाच.

पाटीवरच्या सूचना कोणाला आठवतात का? काऊंटरवर जोरात बोलू नये, केस विंचरू नयेत, जास्त वेळ बसू नये. आणि या सगळ्या पाट्यांखाली लोक तासन् तास बसलेले.

रात्रपाळी

मालाडला कॉल सेंटरात आहे, रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच. तुमचा सगळा धागा माझ्यासाठी उलटा आहे. तुमचा सकाळचा चहा तो माझा रात्रीचा. सुटल्यावर स्टेशनजवळच्या हॉटेलात ऑम्लेट-पाव खातो, तिथला पोऱ्या मला 'गुड नाइट सर' म्हणतो.

झोपेचं म्हणाल तर खिडकीला जाड काळा पडदा, मोबाइल स्वयंपाकघरात आणि घरी येताना उन्हात काळा चष्मा. डोळ्यांवर सकाळचं ऊन पडलं की शरीर म्हणतं दिवस सुरू झाला. हे शरीरातलं घड्याळ पेशीत कसं चालतं, ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. त्यांना म्हणावं आमच्या वरच्या मजल्यावरच्या टाइल्सच्या कामावरही काहीतरी शोधा.

एक मात्र पाणी_कम यांचं पटतं. ऑम्लेट-पाव न खाता थेट घरी गेलो की झोप लागत नाही. हेडफोनमधले आवाज डोक्यात चालूच राहतात. तिथे वीस मिनिटं कोणी 'हाऊ मे आय हेल्प यू' म्हणत नाही, तेवढं पुरतं.

लालबागचा_जुना

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. जरा लांबेल.

माझे वडील संगमेश्वरकडून १९५८ साली मुंबईला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, पुढे साचा खात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले. राहायला लालबागला गावकीचा गाळा, म्हणजे गाववाल्यांची सामाईक खोली. एका खोलीत पंधरा-वीस माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीला एक खुंटी, एवढीच मालमत्ता. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. झोपायचं तेही पाळीनेच. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. उन्हाळ्यात गॅलरी, जिना, फूटपाथ. पावसाळ्यात मात्र हाल. सगळे आत, आणि कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून.

आता यात इराणी कुठे येतो? दुसऱ्या पाळीचा माणूस जागा होऊन बाहेर पडला की त्याला पाळी सुरू होईपर्यंत बसायला जागाच नव्हती. खोलीत कोणीतरी झोपलेलं. मग नाक्यावरचा इराणी. एक चहा दोघांत, एक कपात आणि एक बशीत. एकच पेपर दहा जणांत वाटलेला. गावाकडचं पत्र आलं की तिथेच वाचून घ्यायचं, उत्तरही तिथेच लिहून घ्यायचं. इराणी चुकून कधी म्हणायचा, "चलो, दूसरा गिराक खडा है", पण त्याला माहीत होतं की हे उठून जाणार कुठे. थोडक्यात, आमच्या वडिलांची झोपायची जागा भाड्याची आणि बसायची जागा इराण्याची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमची गिरणी काही पुन्हा नीट चालू झाली नाही. तोवर आम्ही सगळे मुंबईत एका खोलीत राहत होतो, चौघंच, म्हणजे गाळ्याच्या मानाने महाल. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना पाय पसरून झोपायला जागा आणि वेळ दोन्ही मिळालं आणि त्यांची झोपच गेली. ना भोंगा, ना पाळी. पहाटे पाचला उठून इराण्याकडे जाऊन बसायचे. पैसे नसायचे. तो वहीत लिहायचा. किती फेडले आणि किती राहिले, ते आम्हाला कधी कळलं नाही.

म्हणून शंकासुर, तुमचा मोबाइलचा मुद्दा कबूल, पण माणसाला उठायला आणि बसायला ठरलेलं ठिकाण लागतं, त्यावर झोप अवलंबून असते, हे मी घरात बघितलंय.

खारी_बुडवा

काका, नुसतं वाचलं. काही लिहिण्यासारखं नाही. लिहीत राहा.

रोहिणी_ना

लालबागचा_जुना, सुरेख प्रतिसाद. पण आता मी जरा मोडता घालते.

या सगळ्या आठवणींत बायका कुठे आहेत? इराण्याकडे 'फॅमिली रूम' असायची, पडदा किंवा लाकडी आडोसा लावलेली, आणि तीही नवरा बरोबर असला तर. माझी आई काही दिवसभराचं सगळं उतरवायला इराण्याकडे गेली नाही. आमच्या चाळीत पाणी पहाटे चारला यायचं आणि पाचला जायचं. त्या तासाभरात पिंप, हंडे, कळशा. रात्री अकराला भांडी घासून झोपलेली बाई पावणेचारला उठायची, ती रोज. तिला कोणी कधी विचारलं नाही की झोप लागते का गं. दुपारी जमिनीवर पदर डोक्याखाली घेऊन अर्धा तास पडायची आणि तेवढ्यात पोस्टमन यायचा.

मोठ्या माणसाने रोज निदान सात तास झोपावं असं हल्ली सगळीकडे सांगतात. आमच्या चाळीतल्या एकाही बाईच्या वाट्याला ती कधी आली असेल असं वाटत नाही.

लालबागचा_जुना

शंभर टक्के मान्य. गाळ्यातले लोक जेवायचे ते खानावळीत आणि त्या खानावळी घरातल्या बायकाच चालवायच्या. वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या, त्याही दोन-तीन पाळ्यांच्या वेळा सांभाळून. म्हणजे गिरणी तीन पाळ्यांची आणि बाई एकच. याच बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, कर्ज मिळायला लागलं. तोवर सावकार आणि वाण्याची उधारी.

सुमेधा_प

रोहिणी, टाळ्या. माझ्या आईला निवृत्त झाल्यावर चोवीस तास पाणी असलेल्या इमारतीत घर मिळालं. अजून पावणेचारला उठते आणि नळ सोडून बघते.

चारमिनारी

हैदराबादहून. आमच्याकडे दूध वेगळं आटवतात, चहा वेगळा झाकून उकळतात आणि कपात दोन्ही एकत्र करतात. सोबत उस्मानिया बिस्कीट. इथे रात्री उशिरापर्यंत इराणी हॉटेलं गच्च आणि रमझानमध्ये तर रात्र कुठे संपते तेच कळत नाही. चहाने झोप जाते हे आमच्या मोहल्ल्यात कोणाला पटायचं नाही.
इथे मराठी मंडळींची जुनी वस्ती काचीगुडा, सुलतान बाजारकडे आहे. कोणी आलात तर सांगा, चहा माझ्याकडून.

एडिसनकर

न्यू जर्सीत हेच काम डायनर करतात. कॉफीचा कप रिकामा झाला की न विचारता भरून जातात. पूर्वी चोवीस तास उघडे असायचे, कोविडनंतर बरेच रात्री दहालाच बंद व्हायला लागले. मी डीकॅफ (कॅफीन काढलेली कॉफी) मागवतो, वेट्रेस मला 'हनी' म्हणते, घरी सांगत नाही.

शंकासुर

लालबागकाकांच्या प्रतिसादानंतर मी माझं वाक्य थोडं मऊ करतो. पण थोडंच. ठरलेलं ठिकाण आणि ठरलेली वेळ हा मुद्दा पटला. पण मग ते ठिकाण इराणीच का? ग्रंथालय चालेल, मैदान चालेल, देवळाची पायरी चालेल. तिथे कॅफीनही नाही.

ग्रँटरोड_वासी

देवळाच्या पायरीवर खिमा मिळत नाही.

पाणी_कम

इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. एकेक करून.

रोहिणीताई, तुमचा प्रतिसाद बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. आता सोमवार-गुरुवारी संध्याकाळी ती तिच्या मैत्रिणींबरोबर बाहेर पडते आणि कुकर मी लावतो. तिला झोपेची तक्रार कधीच नव्हती, त्यामुळे शास्त्रीय दृष्ट्या याचा उपयोग नाही, पण ती खूश आहे.

कुमुदिनीताई, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं सुरू केलंय. कंटाळवाणं वाचायला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त घेतो. तिसऱ्या ठरावाच्या पुढे अजून गेलेलो नाही.

जुन्या टोळीतल्या दोघांना फोन केला. आता संध्याकाळी सहाला माटुंग्याला एका उडप्याकडे भेटतो. तो इराण्यासारखा बसू देत नाही, बिल टेबलावर आपटतो आणि उभा राहतो. म्हणून डोसा खाऊन बाहेर फाइव्ह गार्डन्सला बाकावर जातो. काही रात्री छान लागते, काही रात्री पुन्हा अडीच. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे.

कुमुदिनी

सहाची वेळ चांगली. फिल्टर कॉफी मात्र तिथे मोहात पाडेल. तिच्यात चहापेक्षा बरंच जास्त कॅफीन असतं. तपासणीचं काय आलं ते इथे लिहा, बाकीच्या घोरणाऱ्यांच्याही कामी येईल.

आजीचा_बटवा

आणि काशाची वाटी?

पाणी_कम

वाटी सापडली. चोळायला कोणी तयार नाही.

खारी_बुडवा

एवढी चर्चा झाली तर एक कट्टा होऊन जाऊ दे. धोबीतलावला कयानी, १९०४ पासून आहे, मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत. रविवारी दुपारी चार? म्हणजे कुमुदिनीताईंच्या हिशेबाने चहा झोपेच्या आधी निघूनही जाईल.

कुमुदिनी

निम्माच जाईल. पण येते.

रोहिणी_ना

मी पण. फॅमिली रूममध्ये बसणार नाही.

गुडलकचा_कोपरा

चारला? ती आमची उठायची वेळ. साडेपाचपर्यंत पोचेन.

खारी_बुडवा

केलाच शेवटी विनोद!

रात्रपाळी

रविवारी मेगाब्लॉक असतो हो, शनिवार ठेवा. मी रात्रीची पाळी करून येतो, मला फक्त कोणी टेबलावर डोकं टेकू द्या.